शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याला मथळे का देतात?

जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोलीहून आलेला एक शोधनिबंध छापून आला. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार होते, आणि आधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. निबंधाच्या माथ्यावर छापलेल्या एकाच छोट्या परिच्छेदात हे आकडे होते. परिच्छेद सलग होता, मध्ये कुठेही मथळा नव्हता.

पुढे डिसेंबर १९९९ मध्ये त्याच साप्ताहिकात, त्याच जिल्ह्यातून, याच चमूचा आणखी एक निबंध आला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर किती बाळं वाचतात, हा त्याचा विषय. यालाही सुरुवातीला गोषवारा आहे, पण तो चार तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्याला ठळक मथळा आहे: पार्श्वभूमी, पद्धत, काय आढळलं, त्याचा अर्थ काय.

या दोन तारखांच्या दरम्यान जगभरच्या अनेक वैद्यकीय नियतकालिकांनी गोषवारा लिहिण्याची रीत बदलून टाकली. नव्या रीतीला स्ट्रक्चर्ड अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. इथे मी त्याला मथळेवार गोषवारा म्हणेन. वरवर पाहता हा मांडणीतला किरकोळ बदल वाटतो. माझ्या मते तो किरकोळ नाही. मथळे आले आणि लेखकाने काय सांगायचं टाळलं हे वाचकाला दिसू लागलं. त्यांचा खरा उपयोग हाच आहे, आणि त्यांची मर्यादाही इथूनच सुरू होते.

आधी एक साधी गोष्ट. शोधनिबंध कुणी वाचत असलं, तर बहुतेक वेळा त्याचा गोषवाराच वाचत असतं. ओपीडी संपवून घरी आलेल्या डॉक्टरकडे बारा पानं वाचायला वेळ नसतो. बातमी करणाऱ्या पत्रकाराकडे तर त्याहून कमी असतो. आणि वेळ असला तरी पूर्ण निबंध हाती लागेलच असं नाही, कारण असंख्य नियतकालिकांचे निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, फुकट दिसतो तो गोषवारा. भारतात जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली, आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येण्याची सोय झाली. हे मोठं काम आहे. पण तालुक्याच्या गावी खाजगी दवाखाना चालवणारी डॉक्टर, संस्थेबाहेरचा अभ्यासक, आजाराची माहिती शोधणारे रुग्णाचे नातेवाईक हे या योजनेच्या बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी गोषवारा हाच निबंध असतो. तो अर्धवट असेल तर त्यांच्या हाती येणारं ज्ञानही अर्धवट राहतं.

सलग परिच्छेदात वाईट काही नाही. १९८९ चा गडचिरोलीचा गोषवारा सलगच होता आणि उत्तम होता: किती जणी तपासल्या, काय सापडलं, किती सापडलं, सगळं पाच-सहा ओळींत. पण तो उत्तम झाला तो लिहिणाऱ्यांच्या शिस्तीमुळे. सलग परिच्छेद ही शिस्त कुणाकडून मागून घेत नाही. शिस्त नसलेला गोषवारा कसा असतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 'प्रस्तुत शोधनिबंधात ग्रामीण महिलांच्या आरोग्यविषयक समस्यांचा अभ्यास करण्यात आला असून त्यावर विविध उपाययोजना सुचवण्यात आल्या आहेत.' असं वाक्य आपल्या चर्चासत्रांच्या स्मरणिकांत पानोपानी भेटतं. किती महिला? कुठल्या? कशा निवडल्या? समस्या कोणत्या आढळल्या? उपाय कोणते? एकाचंही उत्तर नाही, आणि तरीही वाक्य पूर्ण आहे, व्याकरणशुद्ध आहे, भारदस्तही आहे. निबंधात काय आहे याची ही फक्त जाहिरात झाली, निबंधातली माहिती तिच्यात नाही.

१९८० च्या दशकात वैद्यकातही हीच अडचण होती. खुद्द निबंधांना तोवर ठरलेलं रूप आलं होतं: प्रस्तावना, पद्धती, परिणाम आणि चर्चा. ब्रिटन-अमेरिकेतल्या आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांत हा साचा १९४० च्या दशकात दिसू लागला, १९७० च्या दशकात सुमारे ८० टक्के निबंध त्यात बसले आणि १९८० च्या दशकात दुसरा साचा उरलाच नाही. निबंधाच्या माथ्यावरचा गोषवारा मात्र लेखकाच्या मर्जीवर राहिला होता.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातलं मॅकमास्टर विद्यापीठ त्या काळात एका वेगळ्या विचाराचं केंद्र बनत होतं. डॉक्टरने उपचार ठरवताना वडीलधाऱ्यांच्या अनुभवावरच न थांबता प्रसिद्ध झालेला पुरावा स्वतः पारखावा, हा तो विचार. पुढे त्याचीच पुराव्यावर आधारित वैद्यक ही चळवळ झाली. पण पुरावा पारखायचा तर आधी तो सापडायला हवा, आणि महिन्याला येणाऱ्या निबंधांच्या ढिगातून कामाचे निबंध झटपट वेगळे काढता यायला हवेत. मॅकमास्टरच्या ब्रायन हेन्स यांच्या पुढाकाराने एका तात्पुरत्या कार्यगटाने १९८७ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात एक प्रस्ताव मांडला. रुग्णांवरच्या अभ्यासाचा गोषवारा ठराविक मथळ्यांखाली लिहावा: उद्देश, अभ्यासाची रचना, अभ्यास कुठे झाला, रुग्ण कोण, उपचार कोणता, मुख्य मोजमाप (उपचाराचा परिणाम प्रामुख्याने ज्यावरून ठरवायचा ते) कोणतं, परिणाम काय, निष्कर्ष काय. त्यातून तीन फायदे अपेक्षित होते. वाचकाला हवा तो निबंध लवकर निवडता येईल, संगणकावर शोध नेमका घेता येईल, आणि छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्यांचं काम सोपं होईल. नियतकालिकाचे संपादक एडवर्ड हथ यांनी ही कल्पना उचलून धरली. १९९० मध्ये अनुभवाच्या आधारे तिची सुधारित आवृत्ती आली, तिच्या लेखकांत हेन्स आणि हथ यांच्याबरोबर संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमनही होते.

संगणकावरच्या शोधाचा मुद्दा तेव्हा किती खरा होता, याची एक खूण जुन्या नोंदींत अजून दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मेडलाइन ही सूची त्या काळी लांब गोषवारा २५० शब्दांवर तोडत असे आणि शेवटी 'गोषवारा २५० शब्दांवर तोडला आहे' अशी टीप टाकत असे. ज्या लेखकाने पहिले दोनशे शब्द विषयाची थोरवी सांगण्यात घालवले, त्याचे परिणाम आणि निष्कर्ष कापलेल्या भागात जायचे.

आता १९९९ चा गडचिरोलीचा गोषवारा मथळ्यामथळ्याने वाचू. मथळेवार गोषवारा कसा वाचायचा, हे शिकायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं शोधूनही सापडणार नाही.

पार्श्वभूमीत आधी अडचण येते: विकसनशील देशांत बहुतेक नवजातांना वैद्यकीय काळजी मिळत नाही, कारण रुग्णालयं आवाक्याबाहेर आहेत, अंतरानेही आणि खर्चानेही. म्हणून चमूने घरी जाऊन देण्याच्या सेवांचा एक संच तयार केला. बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला तर त्यावरचे उपचारही त्यात धरले. त्यानंतर येतं सगळ्यात महत्त्वाचं विधान. या सेवेमुळे तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी कमी होईल, असं गृहीतक. पैज आधीच लावलेली आहे, ती आकड्यात आहे आणि तिला मुदतही आहे. पुढचे परिणाम कशाशी ताडून पाहायचे, हे वाचकाला इथेच कळतं.

पद्धतीखाली लिहिलं आहे की गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं सेवेसाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी निवडली. १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं फक्त नोंदी केल्या, आणि मग १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत सेवा दिली. गावातल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन जन्मतः गुदमरलेली, कमी दिवसांची, कमी वजनाची, अंग गार पडलेली, नीट दूध न ओढणारी बाळं सांभाळली, जंतुसंसर्ग ओळखला आणि त्यावर उपचार केले. प्रशिक्षित दायांची मदत होती, पंधरा दिवसांनी एकदा देखरेखीची भेट होती. आणि दोन्ही भागांतल्या जन्म-मृत्यूंची नोंद दुसऱ्याच कार्यकर्त्यांनी केली.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं. सेवा देणाऱ्यानेच मृत्यू मोजले असते तर, प्रामाणिकपणे मोजले असते तरीही, शंकेला जागा उरली असती. मोजणारे वेगळे होते हे एका ओळीत सांगून ती शंका आधीच मिटवली आहे. दुसरी बाजूही याच मथळ्याखाली दिसते. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केल्याचा उल्लेख नाही. म्हणजे सेवेची गावं आणि तुलनेची गावं मुळातच वेगळी असण्याची शक्यता उरते, आणि जाणता वाचक लगेच विचारतो की सुरुवातीला दोन्हीकडची स्थिती सारखी होती का.

उत्तर पुढच्याच मथळ्याखाली, अगदी पहिल्या ओळींत आहे. दोन्ही भागांतल्या लोकसंख्येचं स्वरूप आणि सुरुवातीचे मृत्युदर सारखेच होते. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं सेवेच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८. त्यानंतर परिणाम येतात. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजातांपर्यंत सेवा पोचली. सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर २५.५ वर आला, निव्वळ घट ६२.२ टक्के. अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचा दर, ३८.८ वर आला, निव्वळ घट ४५.७ टक्के.

इथे पाटीवर हिशेब करून पाहावा. ६२ वरून २५.५ म्हणजे साधारण ५९ टक्के घट होते, मग ६२.२ कुठून आले? 'निव्वळ' म्हटलं आहे ते यासाठी. तुलनेच्या गावांत त्याच काळात काय घडलं, ते धरून काढलेला हा आकडा आहे. मूळ दर आणि टक्केवारी दोन्ही दिल्यामुळेच वाचकाला हा प्रश्न पडू शकतो. नुसतं '६२ टक्के घट' लिहिलं असतं तर ती ६२ वरून झाली की ६ वरून, हेही कळलं नसतं.

पुढे लिहिलं आहे की हा फरक निव्वळ योगायोगाचा असणं अवघड आहे. त्यासाठी पी नावाचा आकडा दिला आहे, ०.००१ पेक्षा कमी. सेवेचा काहीच परिणाम होत नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी होती, असा त्याचा अर्थ. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. बारकाईने पाहिलं तर हा आकडा उपचारांच्या आधीचा आणि नंतरचा आहे, आधी १६३ बाळं आणि नंतर ७१. तो तुलनेच्या गावांशी ताडलेला नाही, म्हणून त्याचं वजन मृत्युदराच्या आकड्यापेक्षा थोडं कमी धरावं. हे मी बाहेरून आणलेलं नाही, गोषवाऱ्यानेच ते उघडपणे सांगितलं आहे. शेवटी खर्च: एका नवजातामागे ५.३ अमेरिकी डॉलर. आणि १९९७-९८ मध्ये दर १८ नवजातांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला, पोटातले मृत्यूही त्यात धरून.

शेवटच्या मथळ्याखाली अर्थ सांगितला आहे. ही सेवा लोकांना मान्य होते, ती देणं शक्य आहे, आणि कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत तिने नवजात आणि अर्भक मृत्यू जवळपास ५० टक्क्यांनी कमी केले. परिणामांत ६२.२ आणि ४५.७ असे दोन आकडे असताना इथे 'जवळपास ५०' लिहिलं आहे. मोठा आकडा हाती असताना निष्कर्षात तो मिरवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कुठल्या लोकसंख्येत हे घडलं, ते त्याच वाक्यात ठेवलं, हेही.

जेमतेम एका पानावर मावणाऱ्या या मजकुरानंतर बरंच घडलं. बांगलादेशातल्या सिल्हेट भागात गावांच्या समूहांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने करून घरपोच नवजात सेवेची चाचणी झाली. २००८ मध्ये तिचे परिणाम आले तेव्हा अखेरच्या सहा महिन्यांत नवजात मृत्युदर तुलनेच्या भागापेक्षा ३४ टक्के कमी आढळला. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरपोच नवजात काळजीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आज बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, घरी झालं तर सात वेळा.

हे मथळे नसते तर वरचं वाचन जमलं असतं का? काही अंशी जमलं असतं. पण सलग परिच्छेदात जे सांगितलं नाही ते डोळ्यांना दिसत नाही. इथे मला सातबाऱ्याचा उतारा आठवतो. जमीन घेणारा जाणता माणूस मालकाचं नाव वाचून थांबत नाही, तो 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवतो, कारण बोजा असला तर तिथे असतो. तोच मजकूर कुणी सुंदर गद्यात लिहून दिला तर बोजा वगळला गेल्याचं लक्षातही येणार नाही. मथळेवार गोषवाऱ्यात 'पद्धत' या मथळ्याखाली एकच मोघम ओळ असली की ती मोघम ओळ उघडी पडते. परिणामांखाली एकही आकडा नसला की ती पोकळी दिसते. आणि लेखकालाही लिहितानाच कळतं की इथे आपल्याकडे सांगण्याजोगं काही नाही.

याचा अभ्यासही भरपूर झाला आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स हार्टली यांनी वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला. २००४ मध्ये त्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मथळेवार गोषवाऱ्यांत सहसा माहिती जास्त असते, ते वाचायला सोपे जातात, त्यांत हवी ती गोष्ट लवकर सापडते, आणि वाचक व लेखक दोघांचीही त्यांना पसंती असते, असं त्यातून दिसलं. तोटा एक, जागा जास्त लागते. त्याच वर्षी हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर आणि सहकाऱ्यांनी शिक्षणशास्त्राच्या संशोधनातही ही पद्धत आणावी असा आग्रह धरला. संगणक सॉफ्टवेअरच्या संशोधकांनी तर २००८ मध्ये प्रयोग करून दाखवलं की मथळे घालून पुन्हा लिहिलेले गोषवारे जास्त पूर्ण आणि जास्त स्पष्ट ठरतात. मेडलाइनमधल्या नोंदींत मथळेवार गोषवाऱ्यांचं प्रमाण १९९२ मध्ये २.५ टक्के होतं, २००५ मध्ये ते २०.३ टक्क्यांवर पोचलं. प्रत्येक नियतकालिकाचे मथळे थोडे वेगळे असतात. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' पार्श्वभूमी आणि उद्देश, पद्धती, परिणाम, अन्वयार्थ आणि निष्कर्ष असे चार मथळे वापरतं, तर अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या 'जामा'मध्ये ते सात-आठ असतात. म्हणून अमेरिकेचं ग्रंथालय हे हजारो प्रकारचे मथळे पार्श्वभूमी, उद्देश, पद्धती, परिणाम आणि निष्कर्ष या पाच खणांत बसवून घेतं, म्हणजे यंत्रालाही ते कळतात.

मथळे लेखकाला प्रामाणिक मात्र करू शकत नाहीत, आणि हे तितक्याच जोरात सांगायला हवं.

रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे मूळ निबंधाशी ओळीओळीने ताडून पाहिले. गोषवाऱ्यातली माहिती निबंधाशी जुळत नाही किंवा निबंधात मुळात नाहीच, अशा सदोष गोषवाऱ्यांचं प्रमाण नियतकालिकागणिक १८ पासून ६८ टक्क्यांपर्यंत निघालं. याच गटाने लेखकांना आधी खास सूचना पाठवून काही फरक पडतो का, हेही चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात पाहिलं. फरक पडला नाही. कुणीतरी बसून आकडे जुळवल्याशिवाय हा दोष जात नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

त्याहून गंभीर दोष निष्कर्षाच्या मथळ्याखाली लपतो. फ्रान्समधल्या इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी ७२ अशा चाचण्या घेतल्या ज्यांत मुख्य मोजमापावर उपचाराचा फायदा सिद्ध झाला नव्हता. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की यातल्या ३७.५ टक्के गोषवाऱ्यांत परिणामांच्या भागात आणि ५८.३ टक्के गोषवाऱ्यांत निष्कर्षाच्या भागात मुलामा चढवलेला होता. संशोधक याला स्पिन म्हणतात. मुख्य प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं, तर ते बाजूला सारून एखाद्या लहान गटात दिसलेला फायदा पुढे करायचा, किंवा दोन गटांतला फरक न सांगता 'उपचारानंतर रुग्ण सुधारले' एवढंच लिहायचं. यात एकही आकडा खोटा नसतो, आणि तरीही वाचक फसतो. २०१४ मध्ये त्यांनी हेही मोजलं: कर्करोगावरच्या अशा चाचण्यांचे गोषवारे ३०० डॉक्टरांपुढे ठेवले, काहींना मुलाम्यासह आणि काहींना मुलामा काढून. उपचार किती फायद्याचा वाटतो यासाठी ० ते १० गुण द्यायचे होते. मुलामा काढलेले गोषवारे वाचणाऱ्यांनी सरासरी २.९ गुण दिले, मुलाम्याचे वाचणाऱ्यांनी ३.६. शिकलेसवरलेले, याच क्षेत्रातले वाचक, तरीही त्यांचं मत शब्दांच्या मांडणीमुळे हललं.

अशा दोषांवर उपाय म्हणून आधीच, २००८ मध्ये, चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे निकष ठरवणाऱ्या कॉन्सॉर्ट गटाने चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी १७ बाबींची यादी प्रसिद्ध केली होती. गटांची वाटणी कशी झाली, प्रत्येक गटात किती जण होते, मुख्य मोजमाप कोणतं, फरक किती आणि तो किती खात्रीचा, दुष्परिणाम काय, पैसा कुणाचा, असे प्रश्न तिच्यात आहेत. आढावा लेखांच्या गोषवाऱ्यांसाठी अशीच यादी २०१३ मध्ये प्रिझ्मा या तशाच दुसऱ्या गटाने आणली. मला या याद्या मथळ्यांइतक्याच गरजेच्या वाटतात, कारण नुसता 'परिणाम' असा मथळा त्याखाली काय लिहायचं हे ठरवत नाही.

मग सगळ्याच विषयांत मथळे लावावेत का? माझं मत नाही असं आहे. गणितातल्या सिद्धतेला 'पद्धत' आणि 'परिणाम' वेगळे नसतात. ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर किंवा पेशवे दप्तरातल्या एखाद्या पत्रव्यवहारावर लिहिणाऱ्याला उद्देश, नमुना, निष्कर्ष अशा खणांत बसवलं तर त्याचा युक्तिवाद मोडतो. व्यवस्थापनाच्या विषयांत एमराल्ड या प्रकाशकाने हेतू, पद्धत, निष्पत्ती यांच्याबरोबर 'व्यवहारातले उपयोग' आणि 'नावीन्य' असेही मथळे ठेवले. हेतू चांगला आहे, पण ज्या अभ्यासाचा व्यवहारात लगेच काही उपयोग नाही त्याच्याही लेखकाला तिथे काहीतरी लिहायचा मोह होतो, आणि मग ओढूनताणून लिहिलं जातं. जिथे काही मोजलं आहे, कुणाला प्रश्न विचारले आहेत, दोन गोष्टींची तुलना केली आहे, तिथे मथळे वापरावेत. एवढी हद्द पुरे.

ही हद्द पाहिली तर मराठीत लिहिलं जाणारं बरंचसं समाजशास्त्रीय, शिक्षणशास्त्रीय, शेती आणि आरोग्यविषयक संशोधन तिच्या आत येतं. नियतकालिकाने मथळे मागितले नसले तरी पीएचडीच्या विद्यार्थ्याने पहिला खर्डा मथळे घालूनच लिहावा आणि हवं तर शेवटी ते काढून टाकावेत. किती शाळा, कुठल्या तालुक्यातल्या, किती मुलं, कुठल्या महिन्यात, काय विचारलं, कितींनी काय उत्तर दिलं, हे सगळं लिहून झाल्यावर 'विविध उपाययोजना सुचवण्यात आल्या आहेत' हे वाक्य लिहायला हात धजावत नाही. परिणामांसाठी निम्मे शब्द राखून ठेवावेत आणि पार्श्वभूमी दोन वाक्यांत उरकावी. आपल्याकडे नेमकं उलट होतं, कारण पार्श्वभूमी लिहायला सोपी असते.

वाचणाऱ्याने मात्र क्रम बदलावा. निष्कर्ष शेवटी वाचावा, आणि तोही परिणामांवर बोट ठेवून. परिणामांत जो आकडा नाही त्यावर निष्कर्षात दावा असेल तर तिथेच खूण करावी. नव्या औषधाच्या किंवा उपचाराच्या चाचणीचा गोषवारा असेल तर अगदी तळाची, बहुतेक जण सोडून देतात ती ओळ पाहावी: चाचणीचा नोंदणी क्रमांक. भारतातल्या चाचण्यांसाठी तो सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या अक्षरांनी सुरू होतो. ही राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली. तिच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीच्या वेळी मुख्य मोजमाप म्हणून काय जाहीर केलं होतं ते कुणालाही फुकट वाचता येतं. गोषवाऱ्यात परिणामांच्या पहिल्या ओळीत तेच मोजमाप आहे का, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. ते बदललेलं दिसलं, तर पूर्ण निबंध मिळवून वाचेपर्यंत त्या गोषवाऱ्यावर बातमी करू नये आणि कुणाचं औषधही बदलू नये.